मदत हवी आहे: लेकीला पहिला सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) कसा मिळेल?

मंडळी, गेल्या रविवारी ९ वर्षांच्या लेकीला घेऊन भिगवणजवळ उजनीच्या बॅकवॉटरला गळ टाकायला गेलो होतो, कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि हळद मळून गोळी लावली पण पाण्यात पडली की पाच मिनिटांत विरघळायची, एकदा फ्लोट गपकन खाली गेला, पोरीने दोन्ही हातांनी रॉड ओढला तर गळ रिकामाच, तोंड एवढंसं झालं तिचं. सायप्रिनस तळाला चरतो म्हणून शिसं लावून खाली सोडलेलं, कटला वर खातो हे माहितीय. गोळी टिकायला कापूस मिसळलेला चालतो का? मार्चात पाणी उतरलंय तर सकाळी काठाला टाकू की खोलात? आणि गळ कितव्या नंबरचा? येत्या रविवारी परत जातोय, प्लीज सांगा.