लायगो-इंडियाचे २,६०० कोटी: हिशेब कशाचा मागायचा?

पूर्णाकाठ: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरांसारख्या जड वस्तूंच्या टकरीतून अवकाशात उठणारे तरंग, टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ची, पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ची, खर्च २,६०० कोटी. मला विज्ञानाचं वावडं नाही. पण पैसा जनतेचा आहे आणि आमच्याकडे हळद-सोयाबीन पिकवणाराही त्यात वाटेकरी आहे. या खर्चातून काय साधलं हे कोण ठरवणार, आणि कशावरून? कोइमतूरच्या सरकारी ऊस पैदास संस्थेचा को ८६०३२ या जातीचा ऊस आपल्याकडे शिवारोशिवारी आहे, त्याचा उपयोग कुणाला पटवून द्यावा लागत नाही. इथे मात्र शोधनिबंधांची यादी दाखवून विषय संपवतील, अशी भीती वाटते.

तारकापुंज: ऊस आणि कृष्णविवर एकाच मापाने मोजायचं म्हटलं तर मूलभूत संशोधन दर वेळी हरणार. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणून त्या हलक्या आणि स्वस्त केल्या. त्यातून जुन्नर तालुक्याला काय मिळालं, असं तेव्हा विचारलं असतं तर सांगण्यासारखं थोडंच होतं. पण जून २०२३ मध्ये अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगभरातून जाहीर झाले, तेव्हा त्यात खोडदची निरीक्षणं होती. आणि वाय-फायमधलं एक कळीचं तंत्र ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्रातून आलं, हेही विसरू नका.

पूर्णाकाठ: वाय-फायचा दाखला प्रत्येक वादात येतो. ज्यातून काहीच निघालं नाही त्या प्रकल्पांची नावं कुणी घेत नाही. निवडक यशांवरून सगळ्या खर्चाचं समर्थन होत नाही.

प्रयोगवही: मी सरकारी अनुदानावर काम करते. आमच्याकडे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेवर गेलं आणि दोन-चार निबंध छापून आले की प्रकल्प यशस्वी. अंतिम अहवाल पुढे कोण वाचतं, देव जाणे. बढतीसाठी निबंध मोजले की निबंधच वाढतात. फसलेला प्रयोग कुणी लिहीत नाही, मग दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच पुन्हा फसतो, पुन्हा सरकारी पैशाने. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

पण घाईचीही भीती वाटते. बाळांच्या जुलाबांवरच्या रोटाव्हायरस लसीचा ११६ई हा विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात नवजात बाळांमध्ये सापडला. लस राष्ट्रीय लसीकरणात आली २०१६ मध्ये. मधल्या एखाद्या आढाव्यात ‘फलित काय?’ एवढंच विचारून निधी थांबवला असता, तर ही लस झालीच नसती.

पूर्णाकाठ: तीस वर्षं थांबायला माझी हरकत नाही. पण त्या लसीला टप्पे होते. सुरक्षितता तपासली, मग मोठी चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल जाहीर झाले: पहिल्या वर्षी रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण. आकडा शंभराच्या जवळपास नव्हता, तरी लोकांसमोर ठेवला. तसंच इथे करा. यंदा काय व्हायचं होतं, काय झालं, काय राहिलं आणि का, हे दर वर्षी मराठीत छापा. हिंगोली, परभणी, नांदेडच्या किती मुलामुलींना प्रशिक्षण मिळालं तेही सांगा.

तारकापुंज: वार्षिक हिशेबाला माझा पाठिंबा आहे. प्रशिक्षणाचा आकडाही द्यावा, पण तो यशाचा निकष करायला माझा ठाम विरोध आहे. रोजगारच हवा असेल तर त्यासाठी कारखाना काढावा. वेधशाळेचं यश एकाच गोष्टीवर ठरतं: चार किलोमीटरच्या भुजांमधला अतिसूक्ष्म बदल तिला टिपता येतो का, म्हणजेच कृष्णविवरांसारख्यांची किती दूरची टक्कर तिला ऐकू येते. अमेरिकेतल्या वेधशाळा हा पल्ला उघडपणे जाहीर करतात. आपणही करावा.

पूर्णाकाठ: तो आकडा हवाच. पण तो यंत्र सुरू झाल्यावर मिळणार. जमीन, बांधकाम, निर्वात नळ्या, हा सगळा पैसा त्याआधीच खर्च होतो. तेवढी वर्षं आम्ही काय वाचायचं?