मेन रोड नव्याने करतायत, चालणाऱ्यांसाठी नक्की काय मागायचं?

बाजारातला मुख्य रस्ता उखडून परत करणार आहेत, सूचना मागवल्यात. माझी आई काठी घेऊन चालते, फूटपाथची पायरी तिला चढवत नाही म्हणून ती गाड्यांच्या कडेकडेने जाते आणि माझा जीव टांगणीला लागतो. काय लिहू?

उत्तर १: आधी जुना थर खरवडून काढायला लावा. थरावर थर चढवत गेले की रस्ता वर येतो आणि पावसाचं पाणी दुकानात. आणि पाइप, केबल, ड्रेनेज सगळं आधीच उरकायला सांगा, नाहीतर चार महिन्यात परत खड्डा.

उत्तर २: फूटपाथ १.८ मीटर मोकळा हवा, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जातात, आणि मोकळा म्हणजे खांब, विजेची डीपी पेटी, झाड सगळं सोडून, नकाशात रुंदी छान दिसते पण मधोमध खांब असला की संपलं. क्रॉसिंग फूटपाथच्याच लेव्हलला उचलून घ्या, आईंना पायरी उतरावीच लागणार नाही आणि गाडीवाला आपोआप स्लो होतो.

उत्तर ३: सिग्नलची वेळ पण बघा. बऱ्याच ठिकाणी चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, काठीवाल्या माणसाला तेवढं जमत नाही. फूटपाथ रुंद करायला दुकानदार विरोध करतील, त्यांना कोपनहेगनचा स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता सांगा, १९६२ ला गाड्या बंद केल्या, आजही बाजार गजबजलेला आहे.

प्रश्न विचारणारी: खूप आभार. उद्या आईसोबत टेप घेऊनच जाते, प्रत्येक पायरी मोजून लिहिते.