मदत हवी आहे: कॅनडात कॅल्गरी डाउनटाउनमध्ये ऑफिसचं केलेलं घर भाड्याने घ्यावं का?

निशिगंध: मंडळी, घाईत आहे. जुन्या ऑफिस टॉवरचे फ्लॅट केलेत, त्यातला एक आवडलाय. नवरा म्हणतो, ऑफिसात कोणी राहतं का! उद्या हो-नाही कळवायचंय. कोणाचा अनुभव?

चिनूक_वारा: कितवा मजला? घरात कोण कोण? गाडी आहे? काहीच लिहिलं नाहीस.

निशिगंध: नववा. दोन बेडरूम. खिडक्या मोठ्या आहेत.

चिनूक_वारा: दोन्ही बेडरूमना?

हडसनकाठ: मी लोअर मॅनहॅटनला अशाच घरात राहतो. 1995 च्या करसवलतीनंतर इथे अशी हजारो घरं झाली. ऑफिसचे मजले खोल असतात, आतपर्यंत उजेड पोचतच नाही. आतल्या खोलीला 'होम ऑफिस' म्हणतात आणि लोक तिथे पलंग टाकतात. भर दुपारी दिवा लावून बसतो आम्ही. नको घेऊस.

चिनूक_वारा: न्यूयॉर्कचं इथे लावू नका. तेलाचे भाव पडल्यावर आमच्या डाउनटाउनची जवळपास तिसरा हिस्सा ऑफिसं ओस पडली. संध्याकाळी सहानंतर चिटपाखरू नसायचं. 2021 मध्ये सिटीने, म्हणजे महापालिकेने, ऑफिसची घरं करणाऱ्याला चौरस फुटाला 75 डॉलर द्यायला सुरुवात केली. 2031 पर्यंत 60 लाख चौरस फूट ऑफिस कमी करायचंय. माणसं राहायला आली तरच दुकानं टिकतील, आम्हाला हे हवंच आहे.

हडसनकाठ: सिटीला हवंय म्हणून हिने अंधारात राहायचं?

पेठकर: लक्ष्मी रोडवर पिढ्यान्‌पिढ्या खाली दुकान, वर बिऱ्हाड. त्यात नवीन काय?

मृण्मयी_टी: काका, वाड्याला चौक असतो, मधून उजेड-वारा येतो. टॉवरला चौक कुठला? न्यूयॉर्कला 180 वॉटर स्ट्रीटच्या इमारतीत मधोमध मजले कापून चौक काढला, तेव्हा कुठे आतली घरं राहण्याजोगी झाली. निशिगंध, खिडकी उघडते का तेही बघ, ऑफिसच्या काचा बहुधा बंदच असतात.

पेठकर: दार दक्षिणेला नाही ना? आधी ते बघा.

निशिगंध: आत्ता फोटो नीट पाहिले. दुसऱ्या बेडरूमला खिडकी नाही, हॉलकडे सरकतं काचेचं दार आहे. ती मुलीची खोली होणार होती, तिसरीत आहे ती.

चिनूक_वारा: मुलगी आहे हे आत्ता सांगतेस! मग शाळा कोणती, बस कुठून सुटते, ते आज विचार. प्लस फिफ्टीनच्या, म्हणजे इमारती जोडणाऱ्या बंदिस्त पुलांवरून थंडीत ऑफिसं गाठता येतात, शाळेचं तसं नाही. आणि खिडकीवाली मोठी खोली तिला दे.

निशिगंध: मग आम्ही दोघं काचेच्या दाराआड? नवऱ्याला विचारते. खिडकी उघडते का, त्याचाही फोन करते.