छोट्या टर्निंग पार्टला ६०६१ ॲल्युमिनियमचा हट्ट कशाला? २०११ लावा

ट्रॉबवाला, भोसरी
आपल्याकडचे डिझायनर ड्रॉइंगच्या चौकटीत डोळे झाकून ६०६१-टी६ लिहितात (६०६१ हा ॲल्युमिनियमचा ग्रेड, टी६ हा टेम्पर, म्हणजे त्यावर केलेली उष्णप्रक्रिया). बुश असो, स्पेसर असो, नोझल असो, मटेरियल ठरलेलं. तो जॉब, म्हणजे पार्ट, बार-फीडरवर (मशीनला आपोआप दांडा पुरवणाऱ्या यंत्रणेवर) हजारोंनी काढायचा आहे, हे कुणाच्या ध्यानात नसतं. ६०६१ ची चिप (कापताना निघणारा छिलका) तुटत नाही. लांब दोरा निघतो, जॉबला गुंडाळतो, ड्रिलच्या खाचेत अडकतो आणि ऑपरेटर दार उघडून हुकाने ओढत बसतो. २०११ (वर्ष नव्हे, ग्रेड) लावला की तीच चिप बारीक तुकड्यांत पडते आणि कूलंटबरोबर वाहून जाते.
त्यात तांबं ५ ते ६ टक्के, शिवाय शिसं आणि बिस्मथ प्रत्येकी ०.२ ते ०.६ टक्के. ही दोन्ही ॲल्युमिनियममध्ये जवळपास विरघळत नाहीत, बारीक कणांच्या रूपात विखुरलेली राहतात. टूलच्या टोकाशी उष्णता वाढली की ते कण मऊ पडतात, वितळतातही. शिसं-बिस्मथचं योग्य प्रमाणातलं मिश्रण तर १२५ अंशांनाच वितळतं. तिथे चिप कमजोर होऊन तुटते. ताकदही कमी नाही: २०११-टी३ मध्ये साधारण ३८० मेगापास्कल, ६०६१-टी६ मध्ये ३१०. मग घोडं अडलंय कुठे?

रॅक_आणि_टाकी
आमच्या टाकीत अडलंय, साहेब. तुमच्या मशीनवरून चकाचक निघालेला पार्ट ॲनोडायझिंगला (वीज वापरून पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवायला) येतो तेव्हा ते तांबं आडवं येतं. थर पातळ आणि मऊ बसतो, रंग मळकट येतो, शिसं-बिस्मथच्या जागी ठिपके दिसतात. हार्ड ॲनोडायझिंगला करंट चढवला की पार्ट जळायची भीती. आणि पार्टी काय म्हणते? तुमच्या बाथमध्ये दोष आहे! मटेरियल २०११ होतं हे मालाबरोबरच्या चलनावर कुणीही लिहीत नाही.

ट्रॉबवाला, भोसरी
ताई, तेलात बुडालेल्या व्हॉल्व्ह स्पूलला (व्हॉल्व्हमध्ये सरकणाऱ्या दट्ट्याला) रंग कोण बघतो? दिसणाऱ्या पार्टबद्दल मी बोलतच नाहीये.

खारा_वारा
रंगाचं सोडा, गंजाचं बोला. मी गोव्यात वेर्ण्याला असतो, पावसाळ्यात उघड्या रॅकवर ठेवलेला २०११ चा माल पांढरा पडायला वेळ लागत नाही. तांब्याचे कण आणि भोवतालचं ॲल्युमिनियम यांच्यात ओलाव्याने बारीक बारीक बॅटऱ्याच तयार होतात, खड्डे पडतात. तेलातला स्पूल ठीक, पण तो तेलात पोचेपर्यंत गोदामात आणि कंटेनरमध्ये असतो ना?

सीएनसी_पोऱ्या
मला तर हा मटेरियलचा प्रश्नच वाटत नाही, सेटिंगचा वाटतो. ॲल्युमिनियमसाठीचा पॉलिश केलेला धारदार इन्सर्ट (टूलची बदलता येणारी पाती) घ्या, स्टीलचा कोटेड उरलाय म्हणून तोच चालवू नका. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) थोडा वाढवा, कूलंटचं प्रेशर वाढवा. ६०६१ ची चिप बऱ्यापैकी आवरते. वर २०११ ची घनता २.८३, ६०६१ ची २.७०. म्हणजे त्याच मापाच्या बारला जवळपास ५ टक्के जास्त वजन विकत घेताय, तेही जास्त दराने.

ट्रॉबवाला, भोसरी
बाहेरच्या टर्निंगला तुझं म्हणणं मान्य. आता अडीच मिलिमीटरचं ड्रिल तीस मिलिमीटर खोल घालून दाखव. ६०६१ मध्ये थांबत थांबत, ड्रिल बाहेर काढत काढत जावं लागतं. २०११ मध्ये ते बाहेर काढणं कितीतरी कमी होतं. सायकल टाइम तिथे वाचतो, आणि रात्रपाळीला मशीन एकटं सोडता येतं. बारचा दर बघून भाव काढणाऱ्याला हे दिसत नाही.

टीसी_कुठाय
दोघंही टेम्पर सोडून बोलताय. नुसतं '२०११' लिहून ऑर्डर दिली की काय येईल ते येतं. टी३ म्हणजे विद्राव उष्णोपचार (तापवून तांबं विरघळवायचं आणि झटकन थंड करायचं), मग थंड ओढकाम, मग आपोआप मुरणं. टी८ ला ओढकामानंतर भट्टीत एजिंग, म्हणजे मुरवणं, होतं. टी३ वर सतत ताण असेल आणि दमट हवा असेल तर तडे जाऊ शकतात, टी८ त्यात बराच बरा. प्रेस-फिट (दाबून घट्ट बसवलेल्या) बुशला मी टी३ पास करणार नाही. वेल्डिंग तर कुठल्याच टेम्परला नको, गरम असतानाच तडकतं.
दुसरं, शिसं. युरोपच्या रोह्स नियमात (विद्युत-इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवरचा नियम) सर्वसाधारण मर्यादा ०.१ टक्के. मशीनिंगच्या ॲल्युमिनियमला ०.४ पर्यंत सवलत दिली गेली, पण अशा सवलती मुदतीच्या असतात. आणि २०११ च्या ग्रेडमध्ये ०.६ पर्यंत बसतं! म्हणजे बार ग्रेडमध्ये पास आणि ग्राहकाकडे नापास. टीसीवर (मटेरियलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर) शिशाचा आकडा वाचल्याशिवाय निर्यातीच्या जॉबला हात लावू नका.

मधला_मार्ग
मग ६२६२ घ्या ना. पाया ६०६१ चाच, मॅग्नेशियम-सिलिकॉनचा, वर थोडं शिसं-बिस्मथ. गंजाला बरा, ॲनोडायझिंगही चांगलं घेतो. शिसं नको असेल तर कथील-बिस्मथवाला ६२६२ए आहे.

टीसी_कुठाय
साध्या ६२६२ मध्येही शिसं ०.४ ते ०.७ असतं, तिथे रोह्सचा प्रश्न आणखी वाईट. आणि कथील-बिस्मथचं मिश्रण १३९ अंशांना वितळतं. इंजिनाजवळ तापणाऱ्या, ताण असलेल्या पार्टला ६२६२ए देताना दोनदा विचार करा.

सीएनसी_पोऱ्या
भंगाराचं कुणी बोललं नाही. २०११ च्या चिप्स ६०६१ च्या पिंपात पडल्या की अख्ख्या पिंपाचा दर पडतो.

ट्रॉबवाला, भोसरी
एका मशीनवर एकच ग्रेड चालवायचा, पिंपं वेगळी, रंग मारलेली. आमच्याकडे तसंच आहे. टीसीवाल्यांचा शिशाचा मुद्दा मात्र खोडता येत नाही, निर्यातीला मी ०.४ च्या आतला बार सांगूनच मागवीन. देशातल्या, तेलातल्या, आतून खोल ड्रिलच्या जॉबला अजूनही २०११-टी८ च.

रॅक_आणि_टाकी
मागवा. पण चलनावर ग्रेड लिहा, एवढं तरी करा!