वाहत्या बर्फावर खांब रोवून काय मिळतं?

निपाणीचा ऊसवाला
२०१९च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी आमच्या उसात उभं होतं. सप्टेंबरात पोलरस्टर्न हे जर्मन जहाज ट्रॉम्सोहून निघालं, मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकायला. वर्षभर वाहत्या बर्फावर खांब रोवून वारा, तापमान, ऊन मोजलं. मोझाइक मोहीम म्हणे. आता मला सांगा, जागाच हलतेय तर हवामान कुठलं मोजलं? घाटाकडच्या खानापूरचा पाऊस मोजून कोरड्या अथणीचं पीक ठरवायचं, त्यातला प्रकार. उपग्रह आहेत की वर.

कंग्राळीकर
ढगाखाली काय चाललंय ते उपग्रहाला नीट दिसत नाही ओ, घोडं तिथंच पेंड खातंय. हिवाळ्यात आभाळ आलं की आपल्याकडं थंडी मोडते. तिकडंही तेच. ध्रुवावरच्या रात्री आभाळ निरभ्र असलं तर बर्फ दर चौरस मीटरला चाळीसेक वॅट उष्णता वर घालवतो. पाण्याच्या थेंबांचे खालचे ढग आले की हा तोटा शून्याजवळ येतो. १९९७-९८च्या शेबा या आर्क्टिक मोहिमेतल्या बर्फावरच्या मोजमापात हे उघड दिसलं.
आणि बर्फातल्या भेगा! उणे दोनजवळचं पाणी उणे तीसच्या हवेला उघडं पडलं की आधणासारखी वाफ निघते, उष्णता शेकडो वॅटनं जाते. ती मोजायला आवाजाच्या लहरींवर चालणारा वारामापी लागतो. वारा वर जातोय की खाली, आणि तो किती गरम, हे तो सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतो. दोन्हींचा मेळ घातला की उष्णतेचा हिशेब निघतो. उपग्रह हे कसं करणार?

निपाणीचा ऊसवाला
भेग पडली की खांबही आडवा होतो, ते नाही सांगितलं. शिवाय २०२०च्या मे-जूनात कोरोनामुळं माणसं बदलायला जहाज महिनाभर बर्फ सोडून स्वालबार्डकडं गेलं. नेमकी वितळायला सुरुवात व्हायची वेळ! पेरणीच्या पंधरवड्यात पर्जन्यमापक उचलून घरी नेल्यासारखं.

हिंडलग्याची शिक्षिका
हा घाव बरोबर बसला. पण काही यंत्रं बर्फावर आपोआप चालतच होती, आणि मुख्य तळाभोवती चाळीसेक किलोमीटरपर्यंत छोटी केंद्रं होती. म्हणजे एकट्या खानापूरचा पाऊस नव्हे. मध्य आर्क्टिकात जमीनच नाही, खांब रोवणार कशात? वाहण्यातच फायदा आहे: तोच तुकडा महिनोन्महिने सोबत राहतो, जुलैअखेर तो फुटेपर्यंत राहिला.
माझी तक्रार वेगळी. शेबाच्या एका वर्षाच्या आकड्यांवर हवामानाच्या मॉडेलवाल्यांनी वीसेक वर्षं काढली. मध्ये बर्फ पातळ झाला, आकडे मात्र जाड बर्फाचे.

चोर्ला घाट
ध्रुवावरचं संशोधन करणारी आपली संस्था वास्कोत आहे, बेळगावाहून घाट उतरला की आलीच. पोरांना एकदा दाखवून आणा की ओ.

निपाणीचा ऊसवाला
उपग्रहाचं मागं घेतो. महिनाभराच्या खंडाचं नाही. थ्री फेज आलंय, मोटार चालू करून येतो.