औषध जुनंच, मग एचआयव्ही असलेल्यांवर पुन्हा चाचणी कशाला?

उंबरठा
माझ्या भावाला एचआयव्ही आहे. एचआयव्हीची डोल्युटेग्राविर गोळी चालू आहे, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण दबलेलं. आता त्याला एका अभ्यासात येणार का, असं विचारलंय. टीबी होऊ नये म्हणून द्यायच्या रिफापेंटिनची सुरक्षितता बघायची आहे म्हणे. ते तर आधीपासून वापरात आहे! तो तयार आहे, "थोडं रक्तच तर द्यायचंय" म्हणतो. माझ्या मात्र पोटात गोळा आलाय.

गोळीवाली
मी औषधांच्या चाचण्यांवर फार्मासिस्ट म्हणून काम करते. वापरात आहे खरं, पण कोणत्या गोळ्यांच्या सोबतीने? रिफापेंटिन हे रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाच्या कुळातलं. ते यकृताला औषधं भराभर मोडायला लावतं, त्यात डोल्युटेग्राविरही आलं.
निरोगी माणसांना रोज डोल्युटेग्राविर आणि आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड (हेही टीबीचंच औषध) आणि रिफापेंटिन देऊन पाहिलं, तेव्हा चौघांपैकी दोघांना तापासकट मोठा त्रास झाला. अभ्यास तिथेच थांबवला. पुढे दक्षिण आफ्रिकेत 'डॉल्फिन' चाचणीत एचआयव्ही असलेल्या ६० जणांना हेच दिलं. आधी मोजक्यांना, त्यांचं ठीक दिसल्यावर बाकीच्यांना. डोल्युटेग्राविरची पातळी उतरली, पण विषाणूने डोकं वर काढलं नाही, आणि तसला त्रासही दिसला नाही. निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. निरोगी माणसांवरून बांधलेला अंदाज इथे चुकलाच असता.

शंकासूर
थोडक्यात, गिनिपिग.

गोळीवाली
चाचणी न करता सरसकट वाटलं तर सगळेच गिनिपिग, तेही नोंद न ठेवता. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं उदाहरण घ्या. एड्समधल्या मॅक संसर्गावर (टीबीच्या जंतूच्या जातकुळीतल्या जंतूंचा संसर्ग) ५०० मिलिग्रॅमऐवजी १००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं, तर जास्त लोक दगावले. जास्त डोस म्हणजे जास्त गुण, हे तिथे खोटं ठरलं. कोट्रायमोक्साझोल या दुसऱ्या अँटिबायोटिकने अंगावर पुरळ येण्याचं प्रमाणही एचआयव्हीत बरंच जास्त.

उंबरठा
मग जाऊ द्यावं का त्याला?

गोळीवाली
ते त्याने ठरवायचं, तुम्ही नाही. पण संमतीपत्र घरी आणून सावकाश वाचा म्हणावं. रात्री-अपरात्री ताप आला तर फोन कोणाला? यकृताच्या तपासण्या कधी कधी? व्हायरल लोड वाढला तर पुढे काय? मधेच सोडलं तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? उत्तर देताना कुणी वैतागलं, तर मी तरी सही करणार नाही. आणि तो घेत असलेली प्रत्येक गोष्ट सांगायची, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधंसुद्धा. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड असेल तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही.

उंबरठा
अहो, ते पातळ औषध तो जेवण झालं की घेतोच, आणि गोळीही त्याच वेळेला! आत्ता त्याला फोन लावते.