आई मनातलं काहीच बोलत नाही, समुपदेशक सुचवा (तातडीने)

कृष्णाकाठ: कॅन्सरच्या पेशंटशी नीट बोलणारं कुणी माहीत आहे का? पुणे, कोल्हापूर, फोनवरही चालेल. चार केमो झाल्या, दोन राहिल्या. विचारलं की "मी बरी आहे गं, तू जेवलीस का?" एवढंच. रात्री मात्र मोरीत नळ सोडून रडते. मी दाराबाहेर उभी असते, नळ बंद झाला की येऊन पडते. "पॉझिटिव्ह राहा" नको, नाव-नंबर द्या.

केदार_ना: कुठला कॅन्सर? वय? ऑपरेशन झालं का? एवढ्यावरून काय सांगणार?

मालतीबाई: गव्हांकुराचा रस रोज सकाळी द्या. माझ्या जावेला फार गुण आला.

कृष्णाकाठ: रसाचं विचारलेलं नाही हो. स्तनाचा, ५८ वर्षं, ऑपरेशन झालंय. आम्ही कराडला असतो.

शंतनू_८१: वही-पेन द्या. पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली विद्यार्थ्यांकडून रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस, मनातलं सगळ्यात दुखरं लिहून घेतलं होतं. माझ्या लिम्फोमाच्या (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) वेळी मी तेच केलं. पहिले दोन दिवस जास्तच त्रास झाला, मग झोप लागायला लागली.

वृंदा: ज्यांनी आयुष्यात किराण्याच्या यादीपलीकडे लिहिलं नाही त्यांना वही दिली तर परीक्षाच वाटेल. आधी काय करायच्या त्या? भजन, ओव्या?

कृष्णाकाठ: भजनी मंडळात पेटी वाजवायची. केस गेल्यापासून जात नाही.

केदार_ना: मन मोकळं केलं की आयुष्य वाढतं. स्पीगेल या मानसोपचारतज्ज्ञांचा १९८९चा अभ्यास वाचा, स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या बायका गटात बोलल्या त्या बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट काळ जगल्या.

वृंदा: अर्धंच सांगताय. २००१ साली कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात तसल्याच गटांनी आयुष्य वाढलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. रडल्याने किंवा गप्प राहिल्याने आजार वाढतो, हे त्या माउलीच्या डोक्यात घालू नका. आधीच काय कमी ओझं आहे?

केदार_ना: मी कुठे तसं म्हटलं?

सह्याद्री_म: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाव घातलंय का? शिधापत्रिका घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

रोहिणी_परिचारिका: ताई, आईंना आजाराचं नाव माहीत आहे का?

कृष्णाकाठ: त्याचा इथे काय संबंध?

रोहिणी_परिचारिका: आहे. सांगा.

कृष्णाकाठ: नाही. गाठ होती, काढली, परत होऊ नये म्हणून सलाईन, असं दादाने सांगितलंय. फाईलवर कॅन्सर छापलंय म्हणून त्याने वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

मालतीबाई: बरं केलंत. आमच्या दादांना सांगितलं आणि त्यांनी अंथरूणच धरलं.

शंतनू_८१: केस गेले, वॉर्डात शेजारी तसलेच पेशंट, आणि त्यांना कळलं नसेल? मला चार दिवसांत कळलं होतं. घरचे लपवतात म्हणून मीही लपवत होतो.

रोहिणी_परिचारिका: समुपदेशक आला तरी घरात हा शब्दच बंद असेल तर त्या कुणाकडे बोलणार? "तुला काय झालंय असं तुला वाटतं, आई?" एवढं विचारा आणि गप्प बसा. मध्ये धीर देऊ नका. त्यांना जेवढं जाणून घ्यायचं असेल तेवढंच सांगा. आणखी एक. केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देत असतील तर दोन-तीन दिवस झोप उडते, रडूही येतं. कुठल्या दिवशी रडतात ते लिहून डॉक्टरांना दाखवा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

मालतीबाई: आईला सरळ असं विचारायचं? माझ्याच्याने तर झालं नसतं.

कृष्णाकाठ: चार दिवसांनी लिहितेय. काल रात्री मोरीच्या दारावर थाप मारली. नळ बंद झाला. विचारलं. बराच वेळ पदराने तोंड पुसत राहिली, मग म्हणाली, "दादाला म्हणावं फाईलचं कव्हर बदल. कोपरा कधीचा फाटलाय." त्यानंतर दोघी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. दादाला अजून सांगितलेलं नाही. कोल्हापुरात कुणी असेल तर नंबर अजूनही हवा आहे.